एमजीबी विकणे आहे

'एमजीबी रोडस्टर, १९७१. क्रोम बंपर, वायर व्हील्स, ओव्हरड्राइव्ह. कॅलिफोर्नियातून परत आणलेली. सिल्स नवे. हेरिटेज सर्टिफिकेट सोबत. रोड टॅक्स आणि एमओटी माफ.'

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या पानांवर अशा जाहिराती वर्षानुवर्षे येत आहेत. साल बदलते, रंग बदलतो, किंमत बदलते. शब्द मात्र जवळपास तेच राहतात. वरचा मजकूर कुठल्या एका गाडीचा नाही, तो अशा जाहिरातींचा नमुना आहे.

तो वाचताना डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. हिरव्या शेतांमधून जाणारा वळणावळणाचा रस्ता, छप्पर मागे दुमडलेली दोन आसनांची लाल गाडी आणि कधी नव्हे ते निघालेले ऊन. 'अस्सल इंग्रजी' म्हणून जे काही जगाला विकले गेले, त्यात या गाडीचा नंबर बराच वर लागतो. पण हीच जाहिरात इतिहासाचा कागद म्हणून वाचली तर त्यातून वेगळी हकीकत बाहेर येते. ही गाडी इंग्लंडमध्ये बनली, पण मुख्यतः इंग्लंडसाठी बनली नाही. डॉलरच्या गरजेने तिला मोठे केले, अमेरिकेच्या कायद्याने तिचे रूप बदलले आणि पौंडाच्या भावाने तिचा शेवट केला. या सगळ्यात ती हाताने जोडणाऱ्या माणसांना कुणी काही विचारले नाही.

त्या जाहिरातीतला एकेक शब्द घेऊन ही हकीकत सांगता येते. सुरुवात नावापासून करू.

गॅरेजचे नाव

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डमधला सायकल दुरुस्त करणारा तरुण. सायकलींवरून तो मोटारींकडे वळला आणि १९१३ मध्ये त्याने 'मॉरिस ऑक्सफर्ड' ही स्वतःची पहिली गाडी आणली. पुढे तो ब्रिटनमधला सर्वांत मोठा मोटार उत्पादक झाला, लॉर्ड नफिल्ड झाला. कारखाना ऑक्सफर्डलगतच्या काउलीला होता. गाड्या विकणारा आणि दुरुस्त करणारा व्यवसाय शहरात राहिला, तो म्हणजे मॉरिस गॅरेजेस.

१९२१ मध्ये सेसिल किंबर नावाचा माणूस तिथे विक्री विभागात आला आणि पुढच्याच वर्षी व्यवस्थापक झाला. मॉरिसच्या साध्यासुध्या चासीवर हलकी, देखणी, वेगवान बॉडी चढवायची ही त्याची कल्पना. अष्टकोनात बसवलेली एम आणि जी ही दोन अक्षरे त्याच काळातली. १९२८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात त्याने 'एम टाइप मिजेट' मांडली. इंजिन फक्त ८४७ सीसीचे, किंमत १७५ पौंड. तोवर स्पोर्ट्स कार ही श्रीमंतांची चैन होती. किंबरने ती पगारदार माणसाच्या आवाक्यात आणली. मागणी इतकी वाढली, की १९२९ मध्ये त्याला ऑक्सफर्डपासून दहाएक किलोमीटरवरच्या ॲबिंग्डन या छोट्या गावात चामड्याच्या कारखान्याची रिकामी इमारत घ्यावी लागली. पुढची पन्नास वर्षे एमजी आणि ॲबिंग्डन ही नावे एकत्रच घेतली गेली.

किंबरची कहाणी मात्र चांगली संपली नाही. १९३५ मध्ये नफिल्डने एमजी आपल्या मोठ्या कंपनीत मिसळली आणि शर्यतीचा विभाग बंद केला. महायुद्धात ॲबिंग्डनला काम मिळावे म्हणून किंबरने वरिष्ठांना न विचारता विमानाच्या भागांचे कंत्राट घेतले. १९४१ मध्ये त्याला घरी बसवण्यात आले. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर रेल्वे अपघातात तो गेला. युरोपातले युद्ध संपायला तीन महिने उरले होते. त्याच्या गाडीचे खरे नशीब अजून उघडायचे होते.

'परत आणलेली'

जाहिरातीतला सर्वांत बोलका शब्द हा. गाडी परत आणली, म्हणजे ती कधीतरी गेली होती. का गेली?

१९४५ मध्ये ब्रिटन युद्ध जिंकला होता आणि कर्जात बुडाला होता. ऑगस्टमध्ये अमेरिकेने उधार-उसनवारीची 'लेंड लीज' योजना अचानक थांबवली. धान्य, तंबाखू, यंत्रे, सगळ्यालाच डॉलर हवे होते आणि तिजोरीत डॉलर नव्हते. शेवटी अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. त्याचा अखेरचा हप्ता फिटला तो थेट डिसेंबर २००६ मध्ये.

दुसऱ्या बाजूला ब्रिटन आपल्याच वसाहतींचा देणेकरी होता. युद्धकाळात भारतातून धान्य, कापड, ताग आणि बरेच काही उधारीवर गेले. परदेशी लढलेल्या भारतीय फौजांच्या खर्चाचा मोठा वाटाही ब्रिटनच्या खात्यावर होता. हे सगळे लंडनमध्ये 'पौंड येणे' म्हणून नुसते लिहिले जात होते. युद्ध संपले तेव्हा ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांच्या घरात गेली होती. बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली, त्याच वर्षांत हे येणे वाढत होते. पैसे भारताचे, पण गोठवलेले. ते कधी आणि किती सोडायचे याच्या वाटाघाटी स्वातंत्र्यानंतरही चालू राहिल्या. ब्रिटनच्या युद्धोत्तर उभारणीचा इतिहास सांगताना हे पान बहुतेकदा उलटले जात नाही, म्हणून इथे नोंदवतो.

अशा वेळी सरकारने कारखानदारांना सांगितले, की माल बाहेर विका, डॉलर आणा. 'निर्यात करा, नाहीतर मरा' ही त्या काळाची घोषणा होती. पोलादाचा कोटा निर्यातीशी बांधला गेला. जो बाहेर विकेल त्याला पोलाद मिळेल. घरचे गिऱ्हाईक नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे यादीत थांबले.

ॲबिंग्डनने १९४५ च्या शरद ऋतूत युद्धापूर्वीचीच रचना थोडी रुंद करून 'टीसी' बाजारात आणली. उंच तारांची चाके, १२५० सीसी इंजिन, उघडे छप्पर. स्टिअरिंग उजवीकडे, डावीकडचा पर्यायच नाही. तरीही अमेरिकेत तिने जीव लावला. तिकडच्या गाड्या प्रचंड, मऊ आणि आरामशीर. ही एवढीशी, टणक, रस्त्याचा प्रत्येक खड्डा बसणाऱ्याला कळवणारी. चार वर्षांत दहा हजार टीसी बनल्या, त्यांतल्या सुमारे दोन हजार अमेरिकेला गेल्या. आकडा लहान, पण चटक मोठी होती.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आला. एका रात्रीत ब्रिटिश माल अमेरिकेत स्वस्त झाला. त्याच सुमारास डावीकडे स्टिअरिंग मिळणारी 'टीडी' तयार होती. तिच्या जवळपास ३० हजार गाड्यांपैकी २३ हजारांहून अधिक अमेरिकेत खपल्या. १९५५ ला 'एमजीए' आली. सात वर्षांत तिच्या १ लाख १ हजारांवर गाड्या बनल्या. त्यांतल्या ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या सहा हजारांपेक्षा कमी. ज्या देशाची ओळख म्हणून ती मिरवली जाते, त्या देशात शंभरातल्या सहासुद्धा राहिल्या नाहीत.

१९६२ ला तिच्या जागी 'एमजीबी' आली. वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. इंजिन १७९८ सीसी, वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर, दारे उंच माणसालाही आत शिरता येईल अशी. जॉन थॉर्नली हा महाव्यवस्थापक आणि सिड एनेव्हर हा मुख्य अभियंता, दोघेही ॲबिंग्डनमध्येच मुरलेले. १९८० पर्यंत बंद छपराच्या 'जीटी'सकट पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. उघड्या गाड्यांची मोठी बाजारपेठ अर्थातच उत्तर अमेरिका होती.

गाडीच्या नंबराच्या पट्टीवरही हे लिहिलेले असते. 'जीएचएन ५' अशी अक्षरे असली, तर जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा आकार, एन म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी, आणि ५ ही मालिका. पुढे 'यू' असेल तर ती अमेरिकेसाठी बनली होती. विक्रेत्याने स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे केलेले असले, रंग बदललेला असला, तरी हे एक अक्षर तिचा प्रवास सांगून टाकते.

ॲबिंग्डनमध्ये खरे तर जोडणीच होत असे. इंजिने बाहेरून येत, बॉडी दुसरीकडून येत. इथे फिरता पट्टा नव्हता. कामगार अर्धवट गाडी हाताने ढकलत पुढच्या माणसाकडे नेत. हजाराहून अधिक लोक तिथे काम करत. एकाच घरातले बाप-लेक, भाऊ-भाऊ असत. ब्रिटनच्या मोटार उद्योगात संपांचे ते दिवस होते, पण ॲबिंग्डनची कीर्ती संप न करणारा कारखाना अशीच होती.

'क्रोम बंपर'

जुन्या एमजीबीच्या बाजारात एक साधा नियम आहे. चकाकत्या क्रोम बंपरची गाडी महाग, काळ्या रबरी बंपरची स्वस्त. क्रोमवाल्या १९७४ पर्यंतच्या, रबरवाल्या त्यानंतरच्या. हौशी माणसे रबरी बंपरला नाके मुरडतात आणि अमेरिकी सरकारला बोल लावतात.

तेही पूर्ण खरे नाही. १९६५ मध्ये राल्फ नेडरचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक आले, १९६६ ला अमेरिकेने वाहन सुरक्षेचा कायदा केला. त्या वर्षी तिकडच्या रस्त्यांवर सुमारे ५० हजार माणसे मेली होती. डॅशबोर्डवर डोके आपटून, स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसून माणसे मरत होती. कायदा हवाच होता. पुढे धुराचे नियम आले, कमी वेगाच्या धडकेत गाडी शाबूत राहावी म्हणून बंपरचे नियम आले.

एमजीबीने हे सगळे ठिगळे लावत निभावले. १९६८ पासून अमेरिकेच्या गाड्यांना उशीसारखा फुगीर डॅशबोर्ड मिळाला. काच पुरेशी पुसली जावी म्हणून दोनाऐवजी तीन वायपर लागले. १९७४ मध्ये पुढे-मागे काळे जाडजूड बंपर बसले. उंचीचा नियम पाळायला गाडी सुमारे ३८ मिलिमीटर वर उचलली. बुटकी गाडी अचानक टाचा उंचावल्यासारखी दिसू लागली आणि वळणावर झुकू लागली. धुराच्या नियमांसाठी अमेरिकी गाड्यांना दोनाऐवजी एकच कार्ब्युरेटर मिळाला आणि ताकद पार उतरली.

दोष कायद्याचा होता, की १९६२ ची रचना १९७५ मध्येही ओढत नेणाऱ्या कंपनीचा? १९६८ मध्ये ब्रिटनचे बहुतेक मोटार उत्पादक एकत्र करून 'ब्रिटिश लेलँड' झाली होती. एका छत्राखाली एकमेकांचे प्रतिस्पर्धी आले. एमजीला नवी गाडी करायला पैसा मिळाला नाही. तो 'ट्रायम्फ टीआर ७' ला मिळाला. अमेरिका उलटणाऱ्या गाड्यांच्या धास्तीने उघड्या छपरावरच बंदी आणणार, असा त्या वेळी बोलबाला होता. म्हणून १९७५ मध्ये टीआर ७ बंद छपराची आली. बंदी काही आली नाही. म्हातारी एमजीबी आपले दुमडते छप्पर घेऊन खपत राहिली. त्याच वर्षी दिवाळखोरीच्या काठावरची ब्रिटिश लेलँड सरकारने ताब्यात घेतली.

सोमवार, १० सप्टेंबर १९७९

सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनने एमजीच्या पन्नास वर्षांचा उत्सव केला. गावात मिरवणूक निघाली, जुन्या-नव्या गाड्या रस्त्यावर आल्या. तो शनिवार-रविवार संपला आणि सोमवारी, १० सप्टेंबरला, कंपनीने ॲबिंग्डनमधले उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. एमजीच्या मंडळींमध्ये त्या दिवसाला 'काळा सोमवार' म्हणतात.

कारण पुन्हा तेच, पौंड आणि डॉलर. १९७६ मध्ये पौंड घसरून १.६० डॉलरच्या आसपास आला होता, सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला होता. मग उत्तर समुद्रातल्या तेलाचा ओघ वाढला. १९७९ ला मार्गारेट थॅचर यांचे सरकार आले, व्याजदर चढले. पौंड महाग होत २.२० डॉलरच्या पुढे आणि १९८० मध्ये २.४० पर्यंत गेला. लंडनच्या बँकांसाठी ही चांगली बातमी होती. डॉलरमध्ये माल विकणाऱ्या कारखान्यांसाठी तो फास होता. अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक एमजीबीमागे ९०० पौंडांचा तोटा होतो, असे कंपनीने सांगितले. हा आकडा कसा काढला यावर गाडीच्या समर्थकांनी शंका घेतली, पण निर्णय झाला होता.

विरोध झाला. लंडनमध्ये गाडीप्रेमींनी मोर्चा काढला. अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी आरडाओरडा केला, कारण त्यांच्याकडे गिऱ्हाईक होते. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने काही गुंतवणूकदारांनी कारखाना विकत घेण्याची बोलणी केली. १९८० च्या उन्हाळ्यात तीही फिसकटली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि दारे लागली. पुढच्या वर्षी आतल्या सामानाचा लिलाव झाला.

जी गाडी तीस वर्षांपूर्वी देशाला डॉलर मिळवून देत होती, तिला डॉलरनेच मारले, असे म्हणणे सोपे आहे. पण पौंडाचा भाव हा काही पाऊस-पाणी नव्हे. १९४९ मध्ये तो खाली आणण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता, १९७९ नंतर तो चढू देण्याचाही. पहिल्या निर्णयाने ॲबिंग्डनला काम दिले, दुसऱ्याने ते काढून घेतले. दोन्ही वेळा निर्णय लंडनमध्ये झाला. संप न करण्याच्या कीर्तीचा कामगारांना काडीचाही उपयोग झाला नाही. हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोचरे पान वाटते.

'सिल्स नवे'

दाराखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची जी पोकळ पेटी जाते, तिला सिल म्हणतात. बंद गाडीत छप्पर थोडा भार उचलते. उघड्या गाडीत छप्परच नाही, म्हणून सगळा भार या सिलवर येतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ आतून पत्रा खाते. बाहेरून गाडी चकाचक दिसते आणि आतून सिल पोकळ झालेली असते. ओळखायची खूण साधी आहे. दाराच्या कडेची फट पाहायची. ती वर अरुंद आणि खाली रुंद झाली असेल, किंवा दार लागता लागत नसेल, तर गाडी मधोमध बसू लागली आहे असे समजायचे.

म्हणूनच कॅलिफोर्निया, ॲरिझोनासारख्या कोरड्या हवेतल्या एमजीबींना भाव आला. डॉलर मिळवण्यासाठी पाठवलेल्या गाड्या आता पौंड मोजून परत आणल्या जाऊ लागल्या. एवढेच नाही. १९८८ मध्ये 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' ने जुने साचे शोधून एमजीबीची कोरी करकरीत बॉडी पुन्हा बनवायला घेतली. कारखाना बंद होऊन आठ वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी जपानच्या माझदाने 'एमएक्स ५' आणली. छोटी, उघडी, दोन आसनांची, म्हणजे ब्रिटिशांनी सोडून दिलेलीच कल्पना. ती जगभर लाखांनी खपली. गिऱ्हाईक उरले नाही म्हणून दुकान बंद केले, हा युक्तिवाद तिथेच कोसळला. गंमत अशी, की १९९२ मध्ये एमजीबीच्याच बॉडीत फेरफार करून काढलेल्या 'आरव्ही ८' च्या सुमारे दोन हजार गाड्यांपैकी बहुतेक जपाननेच घेतल्या.

जाहिरातीतले 'हेरिटेज सर्टिफिकेट' ही त्याच पुनर्जन्माची खूण. कारखान्याच्या जुन्या वह्या आता गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत. फी भरली की दाखला मिळतो. गाडी कुठल्या दिवशी बनली, रंग कोणता, इंजिन नंबर काय, कुठल्या देशात पाठवली, हे सगळे त्यावर असते. ती ढकलत पुढे नेणाऱ्या माणसांची नावे नसतात.

'टॅक्स माफ'

ब्रिटनमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला रोड टॅक्स नाही. मोठा फेरफार केलेला नसेल तर एमओटी ही वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. लंडनच्या धूर-नियंत्रण क्षेत्रात ऑगस्ट २०२३ पासून सगळे शहर आले. तिथे २०१४ ची डिझेल व्हॅन चालवणाऱ्या प्लंबरला बहुधा दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. त्याच रस्त्याने १९७१ ची एमजीबी फुकट जाते, धुराचा कुठलाही आधुनिक नियम न पाळता.

याची बाजूही ऐकली पाहिजे. अशा गाड्या वर्षातून थोडेच दिवस बाहेर पडतात, त्यांचा एकूण धूर नगण्य असतो, आणि वारसा जपला पाहिजे. मला ते पटते. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' अक्षरे आणि नोंदणीची फी २० हजार रुपये. गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही. एवढे भरून गाडी नुसती उभी ठेवू शकणाऱ्यासाठी ती वारसा आहे. पोट भरण्यासाठी जुना टेम्पो चालवणाऱ्यासाठी मात्र पंधरा वर्षांची गाडी म्हणजे पुन्हा नोंदणी, तपासणी, ग्रीन टॅक्स. जुनेपणा दोघांचाही आहे. एकाचा शौक म्हणून मोजला जातो, दुसऱ्याचा गुन्हा म्हणून.

तेच इंजिन, आपल्या गल्लीत

एमजीए आणि एमजीबी, दोन्हींचे इंजिन 'बी सिरीज' घराण्यातले. एमजीएमध्ये ते सुरुवातीला १४८९ सीसीचे होते. याच घराण्यातले १४८९ सीसी इंजिन भारतात दुसऱ्या एका गाडीत बसले, हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसेडरमध्ये. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, त्याच विल्यम मॉरिसच्या वंशातली. पुढे डिझेल ॲम्बॅसेडर आली, तिचे इंजिनही बी सिरीजचेच होते. तिकडे हे घराणे कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनारी तरुणांना फिरवत होते. इकडे ते कलेक्टर, आमदार, लग्नातली वऱ्हाडी मंडळी आणि तालुक्याहून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलेले पेशंट वाहत होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचे गॅरेज होते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, वेल्डिंग या धंद्यांत मुस्लिम मिस्त्री दिसतात. शाळा लवकर सुटलेल्या पोराला उस्तादाच्या हाताखाली बसवायचे, ही आमच्या मुहल्ल्यांची जुनी रीत. चाचांकडे पुस्तक नव्हते. हेड उतरवणे, रिंगा-पिस्टन बदलणे, टॅपेट लावणे, सगळे कानाने आणि बोटांनी चालायचे. इंजिन चालू करून पाना बॉनेटच्या कडेला टेकवत ते पोरांना सांगायचे, 'सुन, दुसरा बोल रहा है.' म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे. ॲबिंग्डनच्या कुठल्याही फिटरला ही भाषा कळली असती.

२०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना थांबला आणि ॲम्बॅसेडर संपली. चाचांच्या गॅरेजात तोवर कॉम्प्युटर लावून बिघाड शोधाव्या लागणाऱ्या गाड्या यायला लागल्या होत्या, मग त्याही यायच्या थांबल्या. त्यांची हत्यारे शेवटी भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेली. त्या हत्यारांना हेरिटेज कुणी म्हटले नाही.

एमजीचे नाव मात्र मेले नाही. २००५ च्या एप्रिलमध्ये 'एमजी रोव्हर' बुडाली, बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिजमध्ये सुमारे सहा हजार लोकांचे काम गेले. नाव चीनच्या नानजिंग कंपनीने घेतले, पुढे ते शांघायच्या 'सैक' कडे गेले. २०१७ मध्ये सैकने गुजरातमधल्या हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना घेतला आणि २०१९ मध्ये भारतात 'एमजी हेक्टर' आली. आता त्यात जिंदालांचा जेएसडब्ल्यू समूह भागीदार आहे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर जो अष्टकोन दिसतो, तो किंबरचाच. गाडीचा तिच्याशी काही संबंध उरलेला नाही. नाव विकले गेले आहे, इतकेच.

ॲबिंग्डनच्या कारखान्याच्या जागी आज ऑफिसे आणि इतर इमारती उभ्या आहेत. शेजारी 'किंबर हाउस' मध्ये एमजी कार क्लबचे कार्यालय आहे. जगभरातून लोक तिथे येतात, फोटो काढतात. कारखान्यातल्या कामगारांची पिढी आता फारशी उरलेली नाही.

तेव्हा 'एमजीबी विकणे आहे' अशी जाहिरात कुठे दिसली, तर गाडी जरूर पाहावी. दाराची फट तपासावी, सिलवर बोटाने ठोकून आवाज ऐकावा, नंबराच्या पट्टीवरची अक्षरे वाचावीत. आणि किंमत ऐकून झाल्यावर स्वतःलाच एक प्रश्न विचारावा, की ही गाडी आजवर इतक्या वेळा विकली गेली, त्यातला वाटा ती बनवणाऱ्याच्या हातात किती वेळा पडला?